चढताना एक

“किल्ली आज तुझ्याकडेच राहू दे, वहिनी,” खारू म्हणाला. कमरेचा पट्टा आवळला, दोन्ही हूक ओढून बघितले आणि टॉवरकडे चालू लागला.

ट्रान्समीटरच्या खोलीच्या दारात उभी राहून वहिनी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. हातात किल्ली होती. पितळी, बोटभर लांब, लाल कापडाची चिंधी बांधलेली. मशीन चालू करायलाही तीच, बंद करायलाही तीच; एरवी कुलपातून बाहेरच. या रेडिओ स्टेशनात टॉवरवर चढायचं म्हणजे आधी मशीन बंद करायचं, किल्ली काढायची आणि ती चढणाऱ्याच्या खिशात घालायची. तो किल्ली घेऊन वर गेला की खाली कुणाच्या बापालाही मशीन चालू करता येत नसे. हा रिवाज वहिनीच्या नवऱ्यानं पाडला होता. गुडघे निकामी होईपर्यंत तो त्याच रिवाजानं वर गेला आणि दरवेळी धडधाकट खाली आला. त्याच्यानंतर ते काम त्याच्या धाकट्या भावाकडे, खारूकडे आलं. खारीसारखा सरसर चढतो म्हणून खारू. आणि खारू तिला वहिनी म्हणतो म्हणून स्टेशनातल्या सगळ्यांची ती वहिनी झालेली, शिपायापासून मॅनेजरपर्यंत.

आज तो रिवाज मोडला होता, कारण आत स्टुडिओत मोठे साहेब बोलत होते.

मोठे साहेब म्हणजे स्टेशनचे मालक. वर्षातून एकदा, स्टेशनच्या वाढदिवसाला, माइकसमोर बसतात आणि हे सगळं आपण शून्यातून कसं उभं केलं ते जगाला ऐकवतात. टॉवर कुणी उभा केला ते नेमकं दरवर्षी विसरतात. भाषण थेट जातं, त्यात खंड पडलेला चालत नाही. नेमका काल टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा विझला. विमानतळावरून सकाळीच तंबी आली: अंधार पडायच्या आत दिवा लागला नाही, तर स्टेशनला टाळं लागेल. संध्याकाळी वारा सुटणार होता. म्हणजे चढायचं ते आत्ता, भरदुपारी, आणि तेही मशीन चालू असताना.

“पूर्ण चालू ठेवा असं कुठे म्हणतोय मी?” मॅनेजर सकाळीच म्हणाला होता. “कमी करा ना. भिंतीवर काय लिहिलंय? वाचता येतं की नाही तुम्हाला?”

भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं: ‘चढताना एक’.

ते इंजिनियरनं लिहिलं होतं, काही वर्षांपूर्वी, पुराच्या दिवसांत. तेव्हा बातम्या एक क्षणही थांबवता येत नव्हत्या आणि टॉवरवर जाणंही टळत नव्हतं. मग ठरलं, की मशीन दहा किलोवॉटवरून एकावर उतरवायचं आणि चढणाऱ्यानं अँटेनांच्या रांगेतून न थांबता सटकायचं. टोकाच्या जरा खाली एकाखाली एक अशा आठ अँटेना लावलेल्या. सगळा रेडिओ तिथून बाहेर पडतो. मशीन पूर्ण जोरावर असताना तिथे उभं राहिलेल्या माणसाला तो बाहेरून भाजत नाही, आतून शिजवतो. दिसत काही नाही, ऐकू काही येत नाही. हात भलत्या ठिकाणी टेकला, तरच चटका बसतो आणि कळतं. एकावर मात्र झटकन पार होता येतं. खारू दोनदा तसा गेला होता आणि काही न होता आला होता.

“एकावर ठेव, मी सुळकन जातो,” तो आज म्हणाला, ते त्या जोरावर.

वहिनीनं मशीन एकावर आणलं. नवं मशीन. जुनं खडखडणारं धूड या वर्षीच भंगारात गेलं आणि त्याच्या जागी हे पांढरं कपाट आलं. त्याला काटा नाही, उजळलेला पडदा आहे. किल्ली मात्र जुनीच, कारण मशीनला जाणाऱ्या विजेचं कुलूप तेच ठेवलं होतं. नव्या मशीनवर पूर्ण जोरात अडीच दिसायचं. पहिल्या दिवशी तिनं विचारलंही होतं, “साहेब, आपलं स्टेशन दहाचं ना? मग हे अडीचच का दाखवतंय?”

“नवं मशीन आहे वहिनी, कमी खातं,” मॅनेजर म्हणाला होता. घरातला नवा फ्रिज कमी वीज खातो, तसंच असेल. तिलाही ते पटलं. नवं मशीन लागल्यावर विजेचा आकडाही खरोखर खाली आला होता. लांबलांबच्या गावांतून पूर्वीसारखेच फोन येत होते. मग कशाला डोकं खाजवायचं?

आता पडद्यावर एक होता. स्वच्छ, हिरवा, गोल टिंब देऊन लिहिलेला: १.०.

ती वॉकीटॉकी घेऊन अंगणात आली. खोलीच्या खिडकीतून टॉवरचं फक्त बूड दिसायचं. वरचं बघायचं तर अंगणात येऊन मान मोडेपर्यंत वर करायला लागायची. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं. खारू अर्ध्यावर गेला होता.

वॉकी खरखरला. “वहिनी, इथून आपली गच्ची दिसते. दादा कपडे वाळत घालतोय.”

“घालू दे. तू पायाखाली बघ.”

“तुझी साडी उलटी टाकलीये.”

“खारू!”

“बघतो बघतो. पायाखालीच बघतो. काय पण बाई आहेस, वर पाठवते आणि वरून दरडावते.”

तिला हसू आलं, पण क्षणभरच. सकाळी निघताना सासूनं उंबऱ्यातच अडवून सांगितलं होतं, “एक पोरगा गुडघ्यांनी बसवला त्या लोखंडानं. दुसरा मला अख्खा पाहिजे.” सासूला कुणी काय समजावणार? घर चालतंय ते याच लोखंडावर. वहिनीचा पगार बांधलेला, खारूचं काम चढेल तसं. त्याच्या छातीवर लावायचं छोटं यंत्र असतं, लहरी जास्त झाल्या की ते बोंबलतं. ते मागून मागून तिचं तोंड दुखलं. दरवेळी मॅनेजरचं एकच उत्तर, “मंजुरीला पाठवलंय.” स्टुडिओत मोठ्या साहेबांसाठी पाठ दुखू नये अशी खुर्ची आली. तिची मंजुरी एका फोनवर झाली होती.

“आता शिरतो आत,” खारूचा आवाज आला. “एकावर आहे ना?”

तिनं धावत आत जाऊन पडदा बघितला, परत अंगणात आली. “एकावर आहे. थांबू नकोस.”

“थांबतोय कशाला? इथे काय हॉटेल आहे?”

खारूचा ठिपका अँटेनांच्या रांगेत शिरला. पहिली पार. दुसरी पार. तिसरी, चौथी. आणि तिथे ठिपका थांबला.

“खारू?”

वॉकीतून तळल्यासारखा आवाज आला. त्यातून तुटक तुटक शब्द: “...केबल सुटलीये... दिव्याची... इथेच जोड...” आणि पुन्हा नुसतं चरचर.

“सोड ती! वर जा नाहीतर खाली ये. ऐकतोयस का? खारू!”

काही नाही. तिनं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. वर तो दोन्ही हात पुढे करून काहीतरी करत होता. पट्टा टॉवरला अडकवून, अंग मागे रेलून, निवांत. एकावर आहोत, एवढ्यात होईल, जोड लावला की झालं, असं त्याच्या डोक्यात चाललं असणार हे तिला खालून कळत होतं. पोरगा सातवीत असताना ती त्या घरात आली होती. सायकलची साखळी बसवायला बसला की जेवायला हाक मारूनही उठायचा नाही.

आणि मग ती गोष्ट तिच्या डोक्यात आली. गेल्या वेळी, पुरात, तो याच रांगेत होता आणि वॉकी खणखणीत चालला होता. इतका, की तिथून त्यानं एक वाह्यात गाणं म्हणून दाखवलं होतं आणि तिनं कानावर हात ठेवले होते. एकावर वॉकी चालतो; लहरी जास्त झाल्या की दाबला जातो. मग आज तो बहिरा का झाला?

ती आत गेली. मॅनेजर आतच होता, मशीनजवळच्या स्पीकरला कान लावून. स्पीकरवर मोठे साहेब सांगत होते, की निष्ठा ही विकत मिळत नाही.

“साहेब, वॉकी बंद पडलाय. तो अँटेनांत थांबलाय.”

“थांबलाय तर येईल. वॉकी जुने आहेत ते.”

“एकावर चालतो वॉकी. पुरात चालला होता.”

“मग सेल उतरला असेल.”

“सकाळी मी स्वतः लावलाय चार्जिंगला.”

“वहिनी,” मॅनेजरनं तोंडावर बोट ठेवलं आणि स्पीकरकडे खूण केली. “शेवटची दोन पानं राहिलीत.”

तिनं फोन काढला आणि इंजिनियरला लावला. इंजिनियर सुट्टीवर होता, अक्कलदाढ काढायला गेला होता. फोन वाजत राहिला. तिनं कापला, परत लावला. मॅनेजर पुटपुटला, “काय त्या माणसाला दाढेच्या खुर्चीतून उठवताय?” तिसऱ्यांदा इंजिनियरनं उचलला. तोंडात बोळा असल्यासारखा जड आवाज. “काय झालं?”

“खारू वर आहे. मशीन एकावर ठेवलंय. वॉकी बहिरा झालाय.”

इंजिनियर एकेक शब्द तोडून म्हणाला, “कुठला एक?”

“म्हणजे? एक. एक किलोवॉट. तुम्ही लिहिलंय ते.”

“नव्या पडद्यावरचा?”

“दुसरा कुठून आणू? जुना काटा तुम्हीच भंगारात घातलात ना.”

“वहिनी, ऐका,” इंजिनियरचा आवाज एकदम चढला, बोळा काढला असावा. “जुन्या मशीनच्या काट्यावर मी कागदाची पट्टी चिकटवली होती. परवान्यावर दहा लिहिलंय, तपासायला आलेला माणूस काट्यावर दहा शोधतो, म्हणून. तो दहा मशीनमधून बाहेर पडणारा नव्हताच! तो अँटेनामुळे बाहेर जेवढा भासतो, तेवढा. टॉर्च असतो ना, त्यात बल्ब तेवढाच. पण मागे आरसा लावला, की समोरच्याच्या डोळ्यात चौपट उजेड. बल्ब खातो किती ते एक, देतो किती ते दुसरं, आणि आरशापुढे उभ्या माणसाला दिसतो किती ते तिसरं. काट्यावर मी तिसरं लिहिलं होतं. पडद्यावर दुसरं येतं. मशीनमधून अडीच निघाले, की बाहेर त्याचे दहा होतात.”

अडीचचे दहा. म्हणजे चौपट. “म्हणजे पडद्यावरचा एक...”

“म्हणजे आपले जुने चार. चढताना पडद्यावर पाव पाहिजे होता, पाव! भिंतीवरचं मी पुसायला हवं होतं. तो आहे कुठे? रांग ओलांडली?”

“रांगेतच आहे. चौथ्या अँटेनापाशी. केबल जोडतोय.”

“थांबलाय? तिथे? बंद करा. पावबिव काही नको, बंदच करा!”

वहिनीनं फोन कानावरून काढला. मॅनेजर तिच्याकडेच बघत होता. फोनमधला आवाज त्यालाही ऐकू गेला होता. तो हलला आणि मशीनच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. अडवण्यासाठी आला असं नाही दाखवलं. नुसता उभा राहिला, दारात माणूस उभा राहतो तसा.

“साहेब, बाजूला व्हा.”

“थांबा जरा. घाबरून जाऊ नका. तो पट्टी-बिट्टी काहीतरी सांगतोय, भुलीचं इंजेक्शन दिलेला माणूस. तुम्ही मला सांगा, नवं मशीन कमी खातं की नाही?”

“खातं कमी. देतं तेवढंच. आणि वर तो उभा आहे तिथे जातं ते तर आणखी वेगळं.”

“बरं, मग एक करू. मी आवाज उतरवतो.” त्यानं मागे हात नेऊन आवाजाचा खटका खाली ओढला. मोठे साहेब पुटपुटायला लागले. “झालं? मोठ्या साहेबांचा आवाज मंद झाला, की मशीनही मंद होणार. मी मध्यम लहरींच्या स्टेशनात वीस वर्षं काढलीत. बाई हळू गायला लागली की काटा लवायचा, चढा सूर लावला की उडायचा. मला शिकवू नका.”

वहिनीनं पडद्याकडे बोट केलं. “उतरला का?”

मॅनेजरनं मान वळवली. पडद्यावर १.० होतं. स्पीकरमधला आवाज जवळपास विरला होता आणि आकडा तसाच, हिरवा, गोल, ठाम. मोठे साहेब ओरडोत की मुके होवोत, एफएमचं मशीन तेवढंच ओतत राहतं. मॅनेजर म्हणत होता ते मध्यम लहरीत खरं होतं. इथे नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि त्या दोन्हींच्या मध्ये माणूस मरतो.

“पाच मिनिटं,” मॅनेजर म्हणाला. आता त्याच्याही कपाळावर घाम होता. “फक्त पाच मिनिटं. भाषण तुटलं तर माझं काय होईल ते तुम्हाला माहीत नाही.”

“तुमचं काय होईल?” वहिनीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “तुम्हाला दोन शिव्या पडतील. त्याचं काय होईल, ते बोला ना. बोला की! तोंडानं बोला, मग मी थांबते पाच मिनिटं.”

मॅनेजरनं स्पीकरकडे बघितलं. बाजूला झाला नाही.

तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि ढकलला. जन्मात कुणाला ढकललं नव्हतं. तो मागच्या खुर्चीवर आदळला, खुर्चीची चाकं घरंगळली. तिनं किल्ली कुलपात घातली, फिरवली, खसकन ओढली. हिरवा आकडा गेला. पंखे भणभणत मंद होत गेले, आणि स्पीकरवर नुसती सूं उरली. काचेपलीकडे स्टुडिओत मोठे साहेब हातवारे करत बोलतच होते. त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या कानात त्यांचाच आवाज होता.

“किल्ली द्या,” मॅनेजर उठत म्हणाला. “आत्ताच्या आत्ता द्या.”

ती बाहेर पळाली.

अंगणात येताच वॉकी आपोआप जिवंत झाला. “...वहिनी! अगं कुणी आहे का नाही खाली? घसा बसला माझा बोंबलून!”

ती जागच्या जागी थबकली. डोळ्यांत पाणी आलं, तेही संतापाचं. “बोल. बोल खारू. ऐकतेय.”

“बोटं भाजली गं. केबलची क्लिप लावताना खांबाला हात टेकला आणि तिथेच धरून ठेवल्यासारखं झालं. हात कसा सुटला माझं मलाच कळलं नाही. डोकं गरगरतंय. मी पट्ट्यावर रेललोय.”

“हलू नकोस. मशीन बंद आहे.”

“बंद?”

“पूर्ण बंद. किल्ली माझ्या हातात आहे.”

“अंग पेटल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं ऊन लागतंय. एकावर आहे म्हणालीस ना तू, म्हणून म्हटलं ऊनच असणार.”

ते वाक्य तिच्या कानात गेलं आणि तिथेच बसलं. एकावर आहे, असं तिनंच सांगितलं होतं. धावत जाऊन बघून सांगितलं होतं.

मॅनेजर मागून धापा टाकत आला. “वहिनी, शेवटचं सांगतो. तो ठीक आहे ना? बोलतोय ना? मग त्याला म्हणावं, दोन अँटेना खाली सरक. आपण पावावर चालू करू. इंजिनियरच म्हणाला ना पाव? द्या किल्ली.”

“तो गरगरतोय. सरकणार नाही.”

“उद्यापासून कामावर यायचं नाही मग. आत्ताच सांगून ठेवतो.”

“उद्याचं उद्या बघू.”

त्यानं हात पुढे केला. तिच्या मनगटापर्यंत आला. दांडगा होता, हिसकावली असती. तिनं इकडेतिकडे बघितलं. टॉवरच्या बुडाशी खारूची दोरी लोंबत होती. सामान वर न्यायची, वर कप्पीवरून फिरून परत खाली आलेली, टोकाला कॅनव्हासची पिशवी. तिथेच ठेवलेली खारूची पाण्याची बाटली तिनं पिशवीत टाकली. किल्लीची लाल चिंधी पिशवीच्या बंदाला गाठ मारून बांधली. दुसरी गाठ मारली. आणि दोरीचं दुसरं टोक धरून ओढायला सुरुवात केली.

“अहो! अहो, काय करताय?”

पिशवी हातभर उचलली गेली. मॅनेजरनं झेप घेतली, त्याच्या बोटांना पिशवीचं बूड लागलं आणि सुटलं. वहिनी ओढत राहिली. दोरी तळव्यात सरसरून रुतत होती. पिशवी त्याच्या डोक्यावर गेली, खोलीच्या छपरावर गेली, आणि लाल चिंधी उन्हात फडफडायला लागली. मॅनेजरनं दोरीला हात घातला.

“ओढा ना खाली,” वहिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली. “दोरी हिसडली तर ती कप्पी त्याच्या डोक्यावरच आहे. ओढा. सगळं स्टेशन खिडकीत उभं आहे बघायला.”

खरंच उभं होतं. शिपाई, हिशेबनीस, बातम्या वाचणारी पोरगी, सगळे. कुणी पुढे आलं नाही. ना तिच्या बाजूनं, ना त्याच्या. पगारी माणसं अशीच असतात, खिडकीत उभी राहतात. मॅनेजरनं दोरी सोडली.

“खारू, पिशवी येतेय. पाणी पी आधी. आणि किल्ली खिशात घाल.”

“माझ्या?”

“मग काय मॅनेजरच्या? दादानं काय शिकवलंय तुला?”

वर एक हात पुढे झाला. दुसरा हात त्यानं छातीशी धरला होता. पिशवी थांबली, हलली. जरा वेळानं वॉकीवर आवाज आला, पाणी प्यायल्यावर येतो तसा ओला. “घातली. बटण लावलं. वहिनी...”

“काय?”

“दिवा लागलाय का बघ ना. जोड तर मी आधीच बसवला होता.”

तिनं मान मागे टाकली. भर उन्हात, टोकावर, अगदी फिका, लाल ठिपका होता. लागलेला. काय दैव आहे बघा, काम झालं होतं, आणि नंतर नुसती क्लिप लावायला तो थांबला होता.

“लागलाय,” ती म्हणाली. “आता बस तिथेच. डोकं गरगरायचं थांबलं की उतर. थांबायच्या आधी उतरलास तर खाली आल्यावर मी मारीन.”

ती खोलीत गेली. हिशेबाच्या टेबलावरचा काळा मार्कर घेतला आणि भिंतीवरच्या ‘चढताना एक’वर आडव्या रेघा ओढल्या, अक्षर दिसेनासं होईपर्यंत. खाली काही लिहिलं नाही. जे लिहायचं ते इंजिनियर परत आला की त्यानं लिहावं, आणि ‘कुठला’ हेही लिहावं. टेबलावर टाकलेला फोन अजून चालूच होता. त्यातून इंजिनियर ओरडत होता, “वहिनी? झालं का बंद?”

“झालं. बोटं भाजलीत. बोलतोय.”

“देवा.” मग, “मी येतो.”

“दाढ काढून या. आता घाई नाही.”

ती परत अंगणात आली, तोवर मोठे साहेब स्टुडिओतून बाहेर आले होते. चेहऱ्यावर घाम आणि समाधान. हातात भाषणाची पानं. “काय, कसं झालं?” त्यांनी मॅनेजरला विचारलं.

“उत्तम, साहेब,” मॅनेजर म्हणाला. “अगदी उत्तम.”

“साहेब,” वहिनी म्हणाली, “शेवटची दोन पानं कुणी ऐकली नाहीत. मशीन बंद आहे.”

मोठ्या साहेबांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. “कुणी बंद केलं?”

“मी.”

“कुणाला विचारून?”

ती नुसती वर बघत राहिली. त्यामुळे त्यांनाही बघावं लागलं. आपलाच टॉवर ते बहुधा पहिल्यांदाच एवढी मान मोडून बघत होते. वर, चौथ्या अँटेनापासून, एक माणूस खाली यायला निघाला होता. एक हात छातीशी धरून, दुसऱ्या हातानं हूक अडकवत, सोडवत, पुन्हा अडकवत.

“हे कोण आहे वर?” मोठ्या साहेबांनी विचारलं. “मी बोलत असताना हा वर होता?”

“होता.”

क्षणभरच. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं, आणि सवयीनं निघालेला प्रश्न निघालाच. “बरं, मग मशीन चालू कधी होणार?”

वहिनीनं वर बोट केलं.

“त्याला विचारा,” ती म्हणाली. “किल्ली त्याच्या खिशात आहे.”

खारू सावकाश उतरत होता. हूक अडकवायचा, पाय चाचपायचा, मग दुसरा पाय. खाली सगळे माना वर करून उभे होते.